व्हर्ना क्वालेची कोरी यादी

आमच्या लिंडहोम गावच्या फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, कोर्टात जज दोन असायला हवेत. खुर्च्या दोन आहेत, दालनं दोन आहेत, दोन दारांवर दोन पितळी पाट्यांची जागा आहे. पण दुसरे जज निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोण यावं यावर वॉशिंग्टनमधल्या शहाण्यांचं एकमत होईना. वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. तिकडे त्या रिकाम्या दालनात धूळ साचत राहिली आणि इकडे दोघांचे खटले एकट्या जज एल्डन ब्रुस्टाड यांच्या गळ्यात पडले. कोणता खटला कोणत्या जजकडे जाणार हे ठरवायला पूर्वी चिठ्ठ्या काढत, नंतर ते काम कॉम्प्युटरकडे आलं. जज एकच उरला तरी कॉम्प्युटर इमानेइतबारे रोज सोडत काढायचा आणि रोज ब्रुस्टाडांचंच नाव निघायचं. "आज पुन्हा मीच का?" असं ते सकाळी कोट काढता काढता विचारायचे, आणि व्हर्ना क्वाले मान वर न करता सांगायची, "नशीबवान आहात."

व्हर्ना ही ब्रुस्टाडांची कोर्टातली कारकून. कागदोपत्री तिचं काम साधं होतं. खटले पुकारायचे, साक्षीदारांना शपथ द्यायची, तारखा लावायच्या, जजनं दिलेले आदेश नोंदवायचे. पण जजकडे पोचायचा रस्ता तिच्या टेबलावरून जायचा, त्यामुळे सगळ्या डाकोटातले वकील जजपेक्षा तिलाच जास्त वचकून असत. मी त्याच कोर्टातला लघुलेखक, रोलंड. जजच्या पायऱ्यांखाली माझं यंत्र, त्याच्या शेजारी तिचं टेबल. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं मुकाट्यानं टिपून घेणं हा माझा धंदा असल्यामुळे कोर्टाबाहेर मी जरा जास्तच बोलतो, हे आधीच सांगून ठेवतो. एखादा वकील भरधाव सुटला आणि माझी बोटं मागे पडू लागली की व्हर्ना पेनाचं टोपण टेबलावर दोनदा आपटायची. जज लगेच म्हणायचे, "सावकाश." त्या टोपणानं माझ्या हातांची जेवढी काळजी घेतली तेवढी माझ्या बायकोनंही घेतली नाही.

व्हर्ना मूळची बीटच्या शेतावरची. टायपिंग येतं म्हणून उन्हाळ्यापुरती कोर्टात लागली आणि मग कुणी तिला जा म्हटलं नाही. नवरा लेस्टर धान्याच्या कोठारावर होता. तो गेला त्या आठवड्यात आम्ही तिला म्हणालो, बाई, घरी बस. ती म्हणाली, "घरी बसून काय करू? तारखा लागल्यात." चर्चच्या तळघरात जेवण असलं की तिचा बटाट्याचा हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं आमच्याकडचं घरगुती जेवण, सगळ्यात आधी संपायचा, आणि कुणी तोंडभरून कौतुक केलं की ती म्हणायची, "वाईट नव्हता." तिच्या तोंडी याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही, स्वतःसाठीही नाही आणि दुसऱ्यासाठीही नाही.

तारीख वाढवून मागायला कुणी फोन केला की ऐकण्यासारखं असायचं. एकदा फार्गोकडच्या एका बड्या वकिलाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि मी कॉफी घेऊन तिथेच उभा होतो.

"मुलीचं लग्न आहे हो," तो म्हणत होता.

"अरे वा, अभिनंदन. कधी आहे?"

"शनिवारी."

"सुनावणी सोमवारी आहे. रविवारी झोप काढा."

"अहो पण दमायला होतं..."

"लग्न तुमचं नाही, मुलीचं आहे," व्हर्ना म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारते, "मी फार तुसडेपणानं बोलले का रे?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बरं झालं."

आता त्या यादीबद्दल सांगायला हवं. फेडरल जजची नेमणूक जन्मभराची असते. राष्ट्राध्यक्षालासुद्धा त्याला नोकरीवरून काढता येत नाही. मग असा माणूस एखाद्या अर्जाचं घोंगडं भिजत ठेवून बसला तर त्याला हलवायचं कसं? त्यावर एक युक्ती आहे. मार्चच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या शेवटी प्रत्येक कोर्टानं कळवायचं, की कोणत्या जजकडे कोणता अर्ज सहा महिन्यांच्या वर पडून आहे. ती यादी जजच्या नावानिशी छापली जाते. शिक्षा काही नाही, दंड नाही, कुणी जाब विचारत नाही. नुसतं नाव छापून येतं. पण ज्यांना कशाचीच भीती नाही अशा माणसांना त्या छापील नावाचा घाम फुटतो. सप्टेंबर लागला की देशभरातल्या कोर्टांत धावपळ सुरू होते, ती यामुळे.

ब्रुस्टाडांचं नाव त्या यादीत कधीच आलं नव्हतं. दोन जजांचं ओझं एकट्यावर पडल्यावरही आलं नाही, आणि याचा अभिमान ब्रुस्टाडांपेक्षा व्हर्नाला होता. ऑगस्ट संपला की ती हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागायची. घरी रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या भाजून डब्यात भरून आणायची, आणि जजच्या हाताखाली निकालाचे मसुदे लिहिणाऱ्या पोरींना सांगायची, "एक मसुदा, एक वडी." डबा तिच्या खणात कुलूपबंद. मी कधी हात पुढे केला तर म्हणायची, "तू काय निकाल लावलास?" मिनेसोटाहून एक जज आठवड्यासाठी उसने मिळाले की ती त्यांनाही वड्यांवर कामाला लावायची. ते बिचारे जाताना म्हणाले होते, "माझ्या कोर्टात मी जज असतो. इथे मी मजूर होतो."

मी ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षी उन्हाळ्यात अमली पदार्थांचा एक मोठा खटला उभा राहिला. आरोपी इतके, की वकिलांना बसायला घडीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या. फौजदारी खटल्याला कायद्यानं घड्याळ बांधलेलं असतं, तो थांबवता येत नाही. मग थांबतात ते बाकीचे. जून गेला, जुलै गेला, जज दिवसभर कोर्टात आणि संध्याकाळी डोळे चोळत दालनात. बाकीच्या अर्जांचा ढीग चढत गेला. सप्टेंबरमध्ये व्हर्नानं सगळ्यांना इतकं पिदडलं, की वड्या संपून ती भोपळ्याच्या केकवर आली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी यादीवर एकच अर्ज उरला होता.

तो यास्सा फ्लोमो नावाच्या बाईचा होता. बाई लायबेरियाची, आमच्या गावात बरीच वर्षं राहिलेली. नागरिकत्वासाठी तिनं अर्ज केला, मुलाखत झाली, परीक्षेत पास झाली, आणि मग सरकारी खात्याकडून काही उत्तरच येईना. अशा वेळी माणूस फेडरल कोर्टात येऊन म्हणू शकतो, की ते निर्णय देत नाहीत, तर आता तुम्हीच द्या. यास्सानं फेब्रुवारीत तसा अर्ज केला होता. वकील नव्हता, स्वतःच्या हातानं लिहिलेला होता. अर्जात तिनं एकच कारण दिलं होतं. आई तिकडे एकटी आहे, म्हातारी झाली आहे, आणि आईला इकडे बोलवायचं तर मुलगी नागरिक असावी लागते.

या अर्जावर सुनावणी घेतल्याशिवाय निकाल देता येण्यासारखा नव्हता, आणि सुनावणीला दिवस उरला नव्हता. मग व्हर्नानं तो उपाय केला, जो आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो आणि ज्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिनं दोन ओळींचा आदेश टाईप केला. पहिली ओळ, अर्ज नामंजूर. दुसरी ओळ, अर्जदारास हाच अर्ज पुन्हा करण्याची मुभा आहे. म्हणजे अर्ज आज निकालात निघतो आणि यादी कोरी राहते. चार दिवसांनी तोच अर्ज नव्या तारखेनं परत येतो आणि सहा महिन्यांचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून सुरू. वकिलांना हे कळतं. ते आदेश वाचतात, हसतात, आणि जुन्याच अर्जावर नवी तारीख घालून पाठवतात.

जज एक शिक्षा सुनावून दुसरीकडे वळत होते. व्हर्नानं कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"हे काय?"

"घोंगडं आहे. वाळत घालतेय."

त्यांनी सही केली. पाच वाजता कोरी यादी गेली. व्हर्नानं उरलेला केक सगळ्यांना वाटला, मलाही एक तुकडा दिला आणि म्हणाली, "वाईट नाही." त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लेस्टर गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबर उजाडला. व्हर्ना रोज सकाळी नवे अर्ज बघायची. यास्सा फ्लोमोचा अर्ज काही आला नाही. "अजून कसा येत नाही हा?" एकदा ती म्हणाली. मी म्हटलं, येईल गं, तिला काय घाई असेल. हे मी म्हणालो, म्हणून मुद्दाम सांगतोय. शहाणपणा माझ्यातही तेवढाच होता.

माझे वडील तेव्हा गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होते. त्यांचे हात थरथरायचे, त्यामुळे त्यांची दाढी तिथली एक बाई करायची. एका रविवारी मी गेलो तेव्हा ते गालाला साबण लावून बसले होते आणि ती वस्तरा चालवत होती.

"हा माझा मुलगा," वडील तिला म्हणाले. "कोर्टात असतो. जज आहे."

"बाबा, मी जज नाही."

"जजच्या शेजारी बसतो. एकच झालं."

बाईचा हात थांबला. "कुठलं कोर्ट? फेडरल?" मी हो म्हटलं. तिनं वस्तरा बाजूला ठेवला. "मग तुम्हाला ठाऊक असेल. मी यास्सा फ्लोमो. माझ्या अर्जाला तुम्ही नाही म्हणालात."

"मला त्यावर बोलता येत नाही," मी म्हटलं. तसा नियमच आहे. कोर्टातल्या माणसानं कुणाला कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, नाहीतर समोरच्या पक्षावर अन्याय होतो.

"तुम्ही सगळे हेच म्हणता," ती म्हणाली. रागानं नव्हे, दमलेल्या माणसासारखी. "मी कागद घेऊन खिडकीवर आले होते. विचारलं, मी हरले का? तिथली मुलगी म्हणाली, आम्हाला सांगता येत नाही. हरले की नाही एवढंसुद्धा सांगता येत नाही? मग मीच समजले काय समजायचं ते. आईला फोन केला. तिनं मार्चपासून पेटी भरून ठेवली होती. म्हटलं, मा, पेटी सोड. कोर्टानं नाही म्हटलं."

"माझी दाढी अर्धीच राहिलीय," वडील म्हणाले.

ती पुन्हा वस्तरा घेऊन त्यांच्याकडे वळली, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या बाईला 'दुसरी ओळ वाच' एवढे तीन शब्द सांगायला माझी जीभ शिवशिवत होती.

सोमवारी मी सगळं व्हर्नाला सांगितलं. आधी ती माझ्यावरच उखडली.

"तू तिच्याशी बोललासच कसा?"

"मी नाही बोललो. बाबा बोलले."

"दुसरी ओळ होती त्यात. स्वच्छ लिहिलं होतं."

"कुणासाठी? तुझ्यामाझ्यासाठी."

तिनं फाइल उघडली आणि तो आदेश वाचला. दोन ओळी वाचायला तिला बराच वेळ लागला. मग चष्मा काढून ती म्हणाली, "माझी आई असती तर तिनंही पहिलीच ओळ वाचली असती. आणि कागद स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून रडत बसली असती."

"फोन कर तिला," मी म्हटलं. "सांग, पुन्हा अर्ज कर. कुणाला कळतंय?"

"मला कळेल. आणि सरकारी वकिलानं म्हटलं की समोरच्या बाईला कोर्टानंच शिकवलं, तर काय सांगू? शिवाय पुन्हा अर्ज केला की ती रांगेत मागे जाणार. चूक आपली आणि मागे जायचं तिनं?" ती उठली. "चल माझ्याबरोबर. एकटीला मला बोलता यायचं नाही."

व्हर्नाला एकटीला बोलता यायचं नाही, हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी निमूटपणे मागे गेलो.

जज टेबलाशी बसून घरून आणलेलं सँडविच खात होते. वय झालेला मोठ्या हाडाचा माणूस, मिशीला पावाचा चुरा लागलेला.

"जजसाहेब, सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी मी तुमच्याकडून एक सही घेतली."

"तू रोजच घेतेस."

"ही चोरून घेतली."

त्यांनी सँडविच खाली ठेवलं. व्हर्नानं सगळं सांगितलं, काही न लपवता, स्वतःला काही सूट न देता. ऐकून झाल्यावर जज म्हणाले, "चोरून कशी? डोळे उघडे होते माझे. वाचलं नाही, हा माझा गुन्हा."

"तुम्ही वाचत नाही, कारण कागद मी देते. तेच तर म्हणतेय मी."

"आदेश मागे घेता येईल," जज म्हणाले. "माझा मीच घेऊ शकतो, कुणी मागायची गरज नाही. पण मग तो अर्ज फेब्रुवारीचाच राहतो. म्हणजे आपण पाठवलेली यादी चुकीची ठरते."

"दुरुस्त करून पाठवते."

"माझं नाव येईल तीत."

"येईल." ती खिडकीकडे वळली. "इतकी वर्षं, जजसाहेब... एकदासुद्धा..." लेस्टरच्या दफनालाही न रडलेली बाई पाठमोरी उभी राहून नाक पुसत होती. मला तिची माया आली, आणि त्या सरकारी यादीचा असा संताप आला की काय सांगू.

"व्हर्ना," जज हलक्या आवाजात म्हणाले, "एक सांगू? त्या यादीचं मला कधीच काही वाटलं नाही. मी इतकी वर्षं काम केलं ते तुझ्या धाकानं."

ती गर्रकन वळली. "मग आधी सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर कामं झाली नसती."

दुरुस्त यादीत कारणाचा एक रकाना असतो. खटला गुंतागुंतीचा, कामाचा बोजा जास्त, वकिलांची दिरंगाई, अशी ठरलेली कारणं असतात, त्यांतलं एक निवडायचं. जजनी विचारलं, "काय घालू?" व्हर्ना म्हणाली, "खरं घाला." ते म्हणाले, "ते यात दिलेलं नाही." शेवटी 'इतर' या पर्यायापुढे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कोर्टाची चूक'. यादी छापून आल्यावर शेजारच्या राज्यातल्या एका जजचा फोन आला, "या, या, माणसांत स्वागत आहे." ब्रुस्टाड खोखो हसले. व्हर्ना मात्र दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

आदेश मागे घेतल्याचा कागद यास्साला गेला आणि सुनावणी डिसेंबरच्या सुरुवातीला लागली. बाहेर नाकातला श्वास गोठेल अशी थंडी. यास्सा कामावरच्या कपड्यांवरच कोट घालून आली होती आणि एकटीच टेबलाशी बसली होती. दुसऱ्या टेबलाशी सरकारी वकील, तरुण, बिचारा सभ्य मुलगा. व्हर्नानं खटला पुकारला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण टोपण टेबलावरून घरंगळून खाली पडलं आणि तिनं ते उचललं नाही.

"या बाईंच्या अर्जाचं नेमकं काय अडलंय?" जजनी विचारलं.

"तपासणी चालू आहे, युवर ऑनर."

"काय तपासताय?"

"ते मला सांगता येत नाही."

"गुप्त आहे?"

"नाही, युवर ऑनर. मला माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

वकिलानं कागद चाळले. "मी तिथे बऱ्याच जणांना फोन केले. प्रत्येकानं मला दुसऱ्याचा नंबर दिला."

मी हे सगळं जसंच्या तसं टिपलं. अशा वेळी हसायचं नाही, हा माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग.

जज यास्साकडे वळले. "बाई, आधी एक सांगायचं आहे. सप्टेंबरमध्ये तुम्हाला गेलेला आदेश चुकीचा होता. तुम्ही हरला नव्हता. मी त्यावर सही करायला नको होती. कोर्टाकडून मी माफी मागतो."

यास्सानं दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि मान हलवली. मग जजनी तिला काय काम करता, किती वर्षं इथे आहात, कर भरता का, असं दहा-वीस मिनिटं विचारलं. तिनं एकेकाचं सरळ उत्तर दिलं. ते म्हणाले, "अर्ज मंजूर." आणि सरकारी वकिलाला म्हणाले, "नागरिकत्वाच्या शपथेसाठी बाईंना आणखी थांबवायचं काही कारण?" वकील म्हणाला, "माझ्याकडे तरी नाही." मला वाटतं, त्यालाही बरं वाटलं.

आमच्याकडे शपथ व्हर्ना देते. शेकडो लोकांना तिनं ती दिली आहे, कागदाकडे न बघता. त्या दिवशी ती उभी राहिली, उजवा हात वर केला, आणि कागद हातात घेऊन वाचू लागली. यास्सानं मागून म्हणायचं असतं. पण तिला ती पाठ होती, कित्येक वर्षांची. मध्यावर येईपर्यंत ती व्हर्नाच्या एक शब्द पुढे गेली होती आणि व्हर्नाच तिच्या मागून म्हणत होती. कुणीही तिला थांबवलं नाही.

कोर्ट उठलं. फोन दारावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवावे लागतात. यास्सा आपला फोन घ्यायला गेली तेव्हा व्हर्ना तिच्या मागोमाग गेली, आणि मी व्हर्नाच्या मागोमाग.

"बाई," व्हर्ना म्हणाली, "तो सप्टेंबरचा कागद. जजसाहेब मोठ्या मनाचे आहेत, म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. तो मी लिहिला होता. आमची एक यादी असते, ती कोरी राहावी म्हणून."

यास्सा तिच्याकडे बघत राहिली. "यादी कोरी राहावी म्हणून," ती सावकाश म्हणाली. मग म्हणाली, "मी आईला पेटी सोडायला लावली. आता परत भर म्हटलं तर ती ऐकणार नाही. म्हणेल, तू माझं मन राखायला बोलतेस. परवा सुनावणी आहे म्हटलं तेव्हाही तेच म्हणाली." तिनं फोन स्पीकरवर लावला, दार ढकलून बाहेर पायऱ्यांवर गेली, आणि आम्ही तिच्याबरोबर गेलो. पलीकडून एक म्हातारा, जाडसर आवाज आला. यास्सा आपल्या भाषेत काहीतरी बोलली, आवाजावरून कळत होतं की पलीकडे पटत नाहीये. तिनं फोन व्हर्नाच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. इंग्रजी कळतं तिला. हळू बोला."

व्हर्नाच्या हातात मोजे नव्हते, अंगात कोट नव्हता. "नमस्कार," ती म्हणाली. "मी कोर्टातून बोलतेय. तुमची मुलगी जिंकली. आज ती या देशाची नागरिक झाली. हे खरं आहे."

"तू जज आहेस?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

"मग कोण आहेस?"

व्हर्नानं माझ्याकडे पाहिलं, मग यास्साकडे. तिच्या ओठांवर वाफ जमत होती. "जिच्यामुळे तुम्हाला उशीर झाला ना," ती म्हणाली, "ती मी."

पलीकडे म्हातारीनं एक मोठा श्वास सोडला.

"बरं," ती म्हणाली. "मग आता लवकर कर."

"हो, मा," व्हर्ना म्हणाली. फोन यास्साच्या हातात दिला, आणि आईला बोलवायच्या अर्जाला लागणारी निकालाची शिक्का मारलेली प्रत आणायला, त्या घसरड्या पायऱ्यांवरून, आयुष्यात पहिल्यांदा पळत आत गेली.